आमिषाचें मोल

गेल्या वर्षभरांत आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून एक तक्रार आम्हीं इतक्या वेळां ऐकिली आहे कीं, तिचा एकदां नीट विचार करावा असें मनांत आलें. तक्रार अशी कीं, गळ टाकून मासे धरण्याचा छंद आतां सामान्य मुलाच्या आवांक्यांत राहिला नाहीं. काठी महाग, रीळ महाग, दोरी महाग, आणि कहर म्हणजे गळास लावावयाचें आमिषहि महाग. वह्यापुस्तकांची व शिकवणीची महागाई जेथें घरोघर बोचत आहे, तेथें माशाच्या तोंडीं द्यावयाच्या सुंगटांच्या दराची चर्चा शाळेच्या वार्षिकांत कशास, असें कोणी विचारील. परंतु आमचा जिल्हा सिंधुदुर्ग. कर्ली, कालावल, आचरा या खाड्या येथें माडांच्या बुंध्यांपर्यंत भरतीचें पाणी आणून पोंचवितात. ज्यास इकडे गरवणें म्हणतात तो खेळ आमच्या मुलांस क्रिकेटच्या अगोदर येतो, आणि कित्येकांस गणिताच्या पुष्कळच अगोदर. तेव्हां या तक्रारीस खोटी म्हणण्यापूर्वीं किंवा खरी मानण्यापूर्वीं तिच्यांतील एकेक रकम वेगळी करून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम साहित्याची गोष्ट घेऊं. मासे धरणें हा जसा पोटाचा धंदा तसाच तो करमणुकीचाहि विषय आपल्याकडे फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदास स्थान दिलेलें आहे, व कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें याचाहि तेथें विचार केलेला आहे. म्हणजे आमिषाची विवंचना राजांनाहि चुकली नव्हती; मात्र तें विकत घ्यावें लागत नसल्यामुळें त्यांनीं त्याबद्दल तक्रार केलेली नाहीं. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन याचें या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १६५३ सालीं निघालें. त्या काळीं दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळीत असत. पुढें स्पेन देशांतील मुर्सिया प्रांतांत रेशमाच्या किड्याच्या पोटांतील ग्रंथि हातानें ताणून तिचा तंतु काढूं लागले, आणि गळाजवळच्या दोरीस हाच तंतु देशोदेशीं वापरीत. तो कोरडा असतां मोडे, म्हणून आधीं पाण्यांत भिजत घालावा लागे. लांबीनें आंखूड, म्हणून गांठींनीं जोडावा लागे. असा हा नाजूक माल समुद्रापार करून हिंदुस्थानांत येईपर्यंत त्याची काय किंमत होत असेल याची कल्पना करावी. १९३८ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें नायलॉन जाहीर केलें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ही सारी खटपट संपली. आमचीं मुलें ज्यास तंगूस म्हणून ओळखतात, व ज्याची गुंडी बाजारपेठेंतील कोणत्याहि जाळ्यादोऱ्याच्या दुकानांत टांगलेली असते, तो हाच पदार्थ. तो भिजवावा लागत नाहीं, कुजत नाहीं, आणि घोड्याच्या केसाच्या मानानें तर वज्रासारखा आहे.

गळाचीहि तीच कथा. इंग्लंडांतील रेडिच हें गांव सुया आणि गळ करण्याबद्दल प्रसिद्ध होतें. सुई जशी एकेकाळीं जपून ठेवण्याची वस्तु होती व आज कोणी जमिनीवर पडलेली वांकून उचलीत नाहीं, तसा गळहि यंत्रामुळें स्वस्त झाला. काठीच्या बाबतींत तर एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या उंची काठ्या बांबूच्या लांब कांबी तासून, त्या एकत्र चिकटवून करीत. आणि त्यासाठीं लागणारा बांबू एके काळीं आपल्याच देशांतून इंग्लंड-अमेरिकेस जात असे. कलकत्त्याच्या नांवानेंच तो तिकडे ओळखला जाई. पुढें चीनमधील टोंकिन नांवाच्या बांबूनें त्यास मागें टाकिलें, त्यानंतर कांचतंतु आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस कार्बनच्या तंतूंच्या काठ्या सर्वत्र पसरल्या. आपला बांबू साहेबाच्या हातीं काठी होऊन मिरवला. आणि आज परसांत बांबूचें बेट असलेला आमचा विद्यार्थी परदेशी कार्बनची काठी नाहीं म्हणून खिन्न होतो!

आमच्या हिशेबानें चार गळ, तंगूसाची एक लहान गुंडी, वजनास एखादा जुना नट आणि बोटाला गुंडाळण्यास एक चिंधी, इतकें साहित्य आजहि शंभर रुपयांच्या आंत होतें. यांत शिसें आम्हीं मुद्दाम धरलें नाहीं. इंग्लंडांत हंस पक्ष्यांच्या पोटांत शिशाचीं वजनें जाऊन ते मरूं लागले, म्हणून १९८७ पासून तेथें लहान वजनांच्या विक्रीस बंदी झाली. मग आपण तरी तें पाण्यांत कां टाकावें? एवढ्या साहित्यावर आमच्या खाडींत शेंगटी, पालू, लहान तांबोशी सहज लागतात, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. तेव्हां साहित्य महाग झालें हें म्हणणें खरें नाहीं. तें इतकें स्वस्त पूर्वीं कधींच नव्हतें.

मग महाग काय झालें आहे? दुसऱ्याच्या हातांत पाहिलेली वस्तु महाग झाली आहे. मोबाईलवर देशोदेशींचे हौशी लोक आपले पराक्रम दाखवितात, त्यांच्या रिळाचें नांव, त्याच्या आंतील छऱ्यांची संख्या, काठीची जात, सर्व कांहीं सांगतात. आणि तें पाहून आमच्या इयत्ता नववींतील मुलाची झोंप उडते. लांकडाचा किंवा प्लॅस्टिकचा रंगीत मासा, पोटाखालीं तीन-तीन टोंकांचे दोन गळ, असें एक कृत्रिम आमिष चारशें-पांचशें रुपयांस मिळतें. चोणक त्यावर झेप घेतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आमच्या खाडीच्या कांठीं कांदळवनाच्या मुळ्या आणि कालवांनीं भरलेले दगड आहेत. पहिल्या दिवशीं चोणकापेक्षां मुळीनेंच तें आमिष अधिक आवडीनें धरलें, आणि पांचशें रुपये तेथेंच राहिले, असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस अश्रु आवरून सांगितलें.

येथें आम्हांस आपलाहि दोष कबूल केला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आम्हीं स्वतः बाविसशें रुपयांचें रीळ घेतलें. घरीं किंमत सांगतांना ती थोडी कमी सांगितली, हें आमच्या पत्नीस या लेखावरूनच कळेल. सरकारनें आमच्यासारख्यांवर पुढें कृपाहि केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून गळकाठ्या व तत्सम साहित्यावरील वस्तु व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. (पेत्रास कर भागविण्यासाठीं गळ टाकावयास सांगितलें होतें, आम्हांस गळ टाकण्यासाठीं कर द्यावा लागतो, एवढाच फरक.) परंतु ज्याची हांव रिळापासून रिळाकडे धांवते त्यास सात टक्क्यांनीं काय होणार? वाचलेल्या पैशांचें तो आणखी एक कृत्रिम आमिष घेतो.

रिळाच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. रिळावर दोरी सोडतां-आवळतां येत असल्यामुळें मोठा मासा न तुटतां दमविता येतो. कृत्रिम आमिष वापरणारा जीवंत सुंगटें मारीत नाहीं. आणि लागलेला मासा हलकेंच सोडून देण्याची जी चांगली चाल हौशी लोकांत पडत आहे, ती बहुधा याच मंडळींनीं आणिली. जो स्वतःच्या मिळकतींतून असा खर्च करितो त्याचा हात धरणारे आम्ही कोण? आमचें म्हणणें शाळेंतील मुलांपुरतें आहे.

आतां आमिष. येथें मात्र महागाई खरी आहे, आणि ती कां झाली हें पाहण्यासारखें आहे. आमच्या लहानपणीं आमिष विकत घेण्याची कल्पनाच नव्हती. ओहोटीला चिखलांत उतरावें, ओंजळभर सुंगटें, एखादी लहान कुर्ली, चार तिसऱ्या जमवाव्या, आणि भरतीची वाट पाहात बसावें. ज्या दिवशीं आमिष मिळालें नाहीं त्या दिवशीं गरवणें नाहीं. पुढें सिंधुदुर्ग १९९७ सालीं पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाला; २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. पाहुणे येऊं लागले, खानावळी वाढल्या, आणि खाडींतल्या ज्या सुंगटांस पूर्वीं घरच्या आमटीपलीकडे गिऱ्हाईक नव्हतें, त्यांस ताटांत मान मिळाला. पावसाळ्यांतील मासेमारीबंदीच्या दिवसांत यांत्रिक नौका बंद असतात. तेव्हां खाडींतल्या मालाची ओढ आणखीच वाढते. अशा स्थितींत गळास लावण्याचें सुंगट आणि ताटांत वाढण्याचें सुंगट एकाच पाटींतून निघतें, आणि त्याचा दर खाणारा ठरवितो, गरवणारा नाहीं. जी वस्तु मनुष्यें आवडीनें खातात ती माशास फुकट घालण्याची ऐपत कोणाची राहील?

ही पाटी कोणाच्या डोक्यावर असते? गेल्या मार्च महिन्यांतील एका शनिवारीं सायंकाळीं आम्ही धक्क्यावर गेलों होतों. खांद्यावर तें बाविसशें रुपयांचें रीळ होतें. धक्क्याच्या पायरीवर एक बाई पाटी घेऊन बसली होती. सुंगटांच्या एका वाट्याचे तिनें शंभर रुपये सांगितले. आमच्या आधीं आमच्याच शाळेचे दोन विद्यार्थी तिच्याशीं घासाघीस करून गेले होते व सत्तरांस वाटा घेऊन विजयी मुद्रेनें गळ लावीत बसले होते. आम्हीं तोच धागा धरला. "बाई, मुलांस सत्तरांस दिलेंत, आम्हांस शंभर कां?" असें विचारलें. ती म्हणाली, "गुरुजी, मुलें म्हणून दिलें. मी दुपारपासून कंबरभर पाण्यांत उभी होतें." आम्हीं तरीहि सत्तरच दिले. तिनें ते घेतले. कारण सूर्य मावळत होता, आणि मेलेलें सुंगट सकाळीं कोणी घेत नाहीं.

तो प्रसंग आम्ही विसरूनहि गेलों असतों. परंतु पुढच्या आठवड्यांत आम्हीं नववीच्या वर्गास ‘माझा आवडता छंद’ या विषयावर निबंध लिहावयास दिला. त्या वर्गांत एक मुलगा आहे. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. हातदोरीनें गरवण्यांत त्याच्या तोडीचा मुलगा सबंध शाळेंत नाहीं, हें आम्ही पांचवीपासून जाणतों. पाण्याचा रंग पाहून कोठें दोरी टाकावी हें तो सांगतो. बोटाला लागलेल्या झटक्यावरून मासा कोणता हें तो दोरी ओढण्यापूर्वीं ओळखतो. त्या मुलानें निबंध लिहिला तो पोस्टाचीं तिकिटें जमविण्यावर. निबंध शुद्ध होता, व्याकरणाच्या चुका दोनच. परंतु त्याच्याजवळ एकहि तिकीट नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं त्यास जवळ बोलावून विचारलें, तेव्हां तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग इतकेंच म्हणाला, "सर, आतां धक्क्यावर सगळ्यांकडे काठ्या आहेत." चौकशी करितां कळलें कीं दिवाळीपासून तो धक्क्यावर आलाच नव्हता. आणि त्या पाटीवाल्या बाई त्याच्या मातोश्री होत, हेंहि त्याच दिवशीं कळलें.

म्हणून या तक्रारीकडे आम्ही आतां निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. दुकानांतील छापील किमतीपुढें आमची जीभ हालत नाहीं, आणि पाटीपुढें ती थांबत नाहीं. बाविसशें रुपयांतले दहा रुपये कमी करा असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. परंतु शंभरांतले तीस आम्हीं हक्कानें कापून घेतले, व वर त्यासच महागाई म्हटलें! ज्या आमिषाचा दर वाढला म्हणून आम्ही कुरकुर करितों तो दर म्हणजे एका बाईची मजुरी आहे. ती वाढावयासच पाहिजे होती, किंबहुना पुष्कळ आधींच. चिखलांत पाय कालवांनीं कापतात, पाण्यांत अंग गारठतें, आणि रोज हातीं कांहीं लागेलच असें नाहीं. आम्ही मौजेसाठीं गळ टाकतों. आमिष परवडलें नाहीं तर आमचें एका सायंकाळच्या करमणुकीपलीकडे कांहीं जात नाहीं. तिचें जातें तें तेल-मीठ. मौज करणाऱ्यानें पोट भरणाऱ्याशीं भाव पाडून घ्यावा, हें आमच्या मतें लाजिरवाणें आहे, आणि ती लाज प्रथम आम्हांसच वाटली पाहिजे.

कांहीं पालकांनीं सुचविलें कीं, मुलांनीं पूर्वींप्रमाणें आमिष स्वतः जमवावें म्हणजे प्रश्न मिटला. यांत अर्धेंच तथ्य आहे. आमिष जमवितांना मुलास जें कळतें तें विकत घेतांना कळत नाहीं, हें खरें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती जशी मोठी तशी ओहोटीहि मोठी, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाला पाणी फारसें हालत नाहीं, हें भूगोलाच्या पुस्तकांत चंद्रसूर्याच्या आकृतीवरून आम्ही शिकवितों व मुलें परीक्षेनंतर विसरतात. चिखलांत गुडघ्यापर्यंत रुतलेला मुलगा तें जन्मभर विसरत नाहीं. परंतु पन्नास मुलें बारीक जाळीचे तुकडे घेऊन खाडींत उतरलीं तर काय होईल? कांदळवनाचें उथळ पाणी हें सुंगटांच्या व कित्येक माशांच्या पिलांचें पाळणाघर आहे. बारीक जाळींत पिलेंच अधिक येतात. आणि आम्हीं सर्वांनींच आमिष जमवावयास सुरुवात केली तर पायरीवरची पाटी कोण घेणार? स्वावलंबनाच्या नांवाखालीं एका बाईचें गिऱ्हाईक तोडण्यांत आम्हांस कांहीं भूषण दिसत नाहीं.

तेव्हां शाळेच्या निसर्गमंडळापुढें आम्हीं जी सूचना मांडली आहे ती येथें थोडक्यांत देतों. मंडळाच्या खाडीकांठच्या सहलींत काठी व रीळ कोणीहि आणूं नये. सर्वांच्या हातीं सारखी हातदोरी असावी, व तिचा खर्च मंडळानें करावा. सुंगटें विकत घ्यावीं, आणि ज्या दरानें सांगितलीं त्याच दरानें घ्यावीं. बाकी आमिष, म्हणजे मोठ्या तिसऱ्या किंवा कणकेचा हळद घातलेला गोळा, मुलांनीं आपलें आपण तयार करावें. लहान मासा लागल्यास सोडून द्यावा. तुटलेल्या तंगूसाचा प्रत्येक तुकडा खिशांत घालून परत आणावा. कारण जी वस्तु कुजत नाहीं म्हणून वर आम्हीं तिची स्तुति केली, तीच त्याच कारणानें बगळ्यांच्या पायांत वर्षानुवर्षें अडकून राहते. मंडळाच्या सभेंत हातदोरीच्या कलमास पुष्कळ विरोध झाला. दहावीच्या एका विद्यार्थ्यानें तर काठीशिवाय दूरवर फेंक जाणारच नाहीं असें गणित मांडून दाखविलें. त्यास आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, मासे दूर आहेत असें कोणीं ठरविलें? धक्क्याच्या खांबांशीं सांवलींत तांबोशी असतात, हें ज्यास माहीत आहे त्यास फेंकीची गरज पडत नाहीं. सूचना अखेर दोन मतांनीं मंजूर झाली.

आम्हीं त्या बाईंचे राहिलेले तीस रुपये देण्याचा प्रयत्न केला. त्यांनीं ते घेतले नाहींत. त्याऐवजीं आणखी एक वाटा पुढें केला व पुरे शंभर मागितले. आम्हीं ते दिले. त्यांच्या मुलास पुढच्या अमावास्येच्या सहलींत मंडळास वाट दाखविण्याबद्दल आम्हीं विचारलें आहे. त्यानें अद्याप होकार दिला नाहीं. सर स्वतः काठी आणणार आहेत काय, एवढेंच त्यानें विचारलें, आणि आमचें उत्तर ऐकून वही घेऊन तो आपल्या जागीं जाऊन बसला.